कॉम्प्रेसर तेल पितोय! बर्फ कारखान्यातला ऑइल सेपरेटर, मदत हवी

बर्फवाला_रत्नागिरी | ९ ऑगस्ट, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

मिरकरवाडा बंदराजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. अमोनियाचा प्लांट, चार सिलिंडरचा एकच रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, ५० किलोच्या लाद्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आम्हीही बंद. त्या दोन महिन्यांत दरवर्षी काही ना काही काम निघतं. यंदा कॉम्प्रेसरचं ओव्हरहॉलिंग करून घेतलं. रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह प्लेटा, सगळं नवीन.

१ ऑगस्टला बोटी सुटल्या, आम्हीही सुरू झालो. त्या दिवसापासून कॉम्प्रेसर रोज ४ लिटर तेल पितोय. मे महिन्यात आठवड्याला १ लिटर घालायचो. जमिनीवर थेंब नाही, शाफ्ट सील कोरडं ठणठणीत. ब्राइन (लाद्या गोठवणारं खारं पाणी) −९ वर असायचं, ते आता −६ च्या खाली उतरत नाही. २८ तासांत निघणारी लादी ४० तास घेतेय. सक्शनचा (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा) दाब २० पौंड असायचा तो १८ झालाय, हेडचा (बाहेर जाणाऱ्या गॅसचा) १८५.

ज्यांनी ओव्हरहॉलिंग केलं ते म्हणतात, नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, तेल घालत राहा. घालतोय. पण गिऱ्हाईक रोज सकाळी दारात उभं राहून शिव्या घालतंय त्याचं काय?

---

थंडोबा | ९ ऑगस्ट, रात्री १०:४०

तेल कुठल्या ग्रेडचं आहे? आमच्याकडे असंच झालं होतं, ६८ च्या जागी १०० नंबर घातलं, फरक पडला.

---

जुना_फिटर | ९ ऑगस्ट, रात्री ११:०५

तेलाचा नंबर बदलू नकोस. रोग कळायच्या आधी औषध बदलायचं नाही.

तेल हवेत विरत नाही. जमिनीवर नाही म्हणजे ते प्लांटच्या आतच कुठेतरी साठलंय. नऊ दिवस झाले, रोज ४ लिटर, म्हणजे ३६ लिटर. ३६ लिटर तेल लपायला जागा लागते. ती जागा शोध.

डिस्चार्ज लाइनीवर (दाबलेला गॅस बाहेर नेणाऱ्या नळीवर) ऑइल सेपरेटर आहे ना? फ्लोटवाला की हाताने सोडायचा? फ्लोटवाला असेल तर त्याच्या तळातून क्रँककेसकडे (कॉम्प्रेसरच्या बुडातल्या तेलाच्या कोठीकडे) जी बारीक लाइन येते, तिचं तापमान उद्या दिवसभर दर १५ मिनिटांनी लिहून काढ. बाकी काही उघडू नकोस.

---

मालवणी_माणूस | ९ ऑगस्ट, रात्री ११:२०

सुरमईचो दर वाढलो तो ह्याच्यामुळेच काय? 😀

---

यंत्रकन्या | १० ऑगस्ट, सकाळी ८:३०

काकांनी लाइनीचं तापमान का मागितलं ते सांगते, इतर वाचकांनाही कळेल.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो तेव्हा थोडं तेल गॅसबरोबर बाहेर जातंच. सेपरेटर म्हणजे एक रुंद भांडं. नळीतून धावत आलेला गॅस तिथे एकदम मंदावतो, जाळीवर नाहीतर पडद्यावर आपटतो, दिशा बदलतो. तेलाचे थेंब जड, त्यांना वळता येत नाही, ते खाली पडतात. तळाशी पुरेसं तेल जमलं की फ्लोट उचलला जातो, सुईसारखा व्हॉल्व्ह उघडतो, आणि डिस्चार्जच्या दाबाने तेल क्रँककेसमध्ये परत जातं. मग फ्लोट खाली, व्हॉल्व्ह बंद.

म्हणून तब्येत चांगली असलेली रिटर्न लाइन अधूनमधून गरम होते, मग निवते. कायम गार असेल तर तेल परत येत नाहीये. कायम कडक गरम असेल तर फ्लोट उघडाच अडकलाय आणि तेलाऐवजी गरम गॅस सक्शनच्या बाजूला घुसतोय. फक्त या एका नळीवरून निम्मं निदान होतं.

बर्फवाला दादा, इन्फ्रारेड बंदूक वापरणार असाल तर चकचकीत किंवा चंदेरी रंगाच्या नळीवर ती खोटं सांगते. काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर मारा.

---

पाना१४ | १० ऑगस्ट, सकाळी ९:१०

रबरी हातोडी घ्या, सेपरेटरच्या बुडाला चार ठोके द्या. फ्लोट अडकला असेल तर सुटतो. आम्ही नेहमी करतो.

---

जुना_फिटर | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

ठोक्याने सुटलेला फ्लोट परत अडकतो, आणि तो रात्री अडीचला अडकतो. का अडकला ते कळायला नको का? शिवाय १८५ पौंड दाबाच्या अमोनियाच्या भांड्यावर हातोडी चालवायची सवय नको.

---

बर्फवाला_रत्नागिरी | १० ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

फ्लोटवाला आहे काका. टेप लावून सकाळी ९ ते संध्याकाळी ७, दर १५ मिनिटांनी मोजलं. रिटर्न लाइन ३३, ३४, ३३, ३४. इंजिन रूमचं तापमानही ३३. सेपरेटरच्या वर येणारी डिस्चार्ज लाइन ११८. लाइनीवरचा हात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, दोनदा बंद करून उघडून पाहिला.

---

जुना_फिटर | १० ऑगस्ट, रात्री ८:२०

सेपरेटर तेलाने भरलाय. भरलेल्या भांड्यात गॅस वळायला जागा राहत नाही, तेल पुढे कंडेन्सरमध्ये (जिथे गॅसचा द्रव होतो), तिथून रिसीव्हरमध्ये (द्रव अमोनियाच्या टाकीत), तिथून ब्राइन टँकच्या कॉइलमध्ये. अमोनियात तेल जवळजवळ विरघळत नाही. कॉइलमध्ये ते आतून लेप धरतं. म्हणून तुझं ब्राइन गार होत नाही.

दोन शक्यता. एक, सुईच्या तोंडाशी कचरा अडकून वाट बुजली. दोन, फ्लोटचा गोळा फुटला. फुटलेल्या गोळ्यात तेल शिरतं, तो तरंगत नाही, व्हॉल्व्ह कधीच उघडत नाही. दोन्हीसाठी उघडावं लागेल.

---

यंत्रकन्या | १० ऑगस्ट, रात्री ८:५०

लादीचा वेळ याच हिशेबात बसतो. लादी गोठायला लागणारा वेळ ब्राइन शून्याच्या किती खाली आहे यावर उलट्या प्रमाणात चालतो. ९ चे ६ झाले, वेळ दीडपट. २८ ची दीडपट ४२. दादांनी ४० सांगितले.

---

बेदाणा_कोल्ड | १० ऑगस्ट, रात्री ९:३०

तासगावहून लिहितोय. आमच्याकडे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, स्क्रू कॉम्प्रेसर. स्क्रूमध्ये सेपरेटरचं दुखणं वेगळं, पण फसगत हीच. आत शेवटी कोअलेसर एलिमेंट (तेलाचे बारीक कण गोळा करणाऱ्या गाळण्या) असतात, त्यांतून गाळलेलं तेल पलीकडच्या कोरड्या बाजूला साठतं आणि एका बारीक स्कॅव्हेंज लाइनीने कॉम्प्रेसरकडे परत जातं. त्या लाइनीतलं सुईच्या टोकाएवढं ऑरिफिस, म्हणजे भोक, बुजलं होतं. आम्ही एलिमेंट बदलायला निघालो होतो, तेव्हा आमच्या ऑपरेटरने विचारलं, साहेब, या काचेत तेल हललेलं मी महिनाभर पाहिलं नाही, चालतं का? साइट ग्लास काठोकाठ भरून थांबलेली. ऑरिफिस साफ केलं, तेलाचा खप पूर्ववत.

---

जुना_फिटर | १० ऑगस्ट, रात्री १०:००

ऑपरेटरला पगारवाढ द्या.

बर्फवाल्या, उद्या उघडणार असशील तर नीट वाच. एकट्याने करायचं नाही, दोन माणसं, त्यातला एक नुसता बघायला. मास्क कॅनिस्टरचा, चष्मा, हातमोजे, दार उघडं, पाण्याचा पाइप चालू करून हाताशी. आधी कॉम्प्रेसर थांबव, स्टार्टरला कुलूप लाव, मग सेपरेटरच्या पुढचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद कर. उलटा क्रम करशील तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या भरवशावर जगशील. सक्शन आणि रिटर्न लाइनही बंद. आत उरलेला गॅस नळीने पाण्याच्या पिंपात सोड. अमोनिया पाण्यात अधाशासारखा विरघळतो, म्हणून गॅस संपत आला की तीच नळी पाणी उलटं आत ओढते. नळीचं टोक वेळेवर पाण्याबाहेर काढ.

आणि गेज शून्य दाखवतो म्हणून बोल्ट सोडू नकोस. तेलात अडकलेला अमोनिया हळूहळू सुटतो. शून्यावर आला की सगळं बंद करून अर्धा तास थांब, काटा वर चढतो की नाही बघ. चढला तर परत सोड.

---

पाना१४ | १० ऑगस्ट, रात्री १०:१५

एवढं सगळं करायला दिवस जाईल. आम्ही तर ड्रेनला नळी जोडून बादलीत सोडतो, पाच मिनिटांत तेल बाहेर.

---

जुना_फिटर | १० ऑगस्ट, रात्री १०:२५

तेल संपलं की त्याच नळीतून काय येतं? अमोनियाच्या प्लांटमध्ये तेल काढतानाच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. माणूस व्हॉल्व्ह उघडून चहाला जातो. नाहीतर गोठलेल्या तेलाने लाइन बुजते, हा आणखी उघडतो, आणि बूच एकदम सुटतं. ड्रेनवर हात व्हॉल्व्हच्या पुढे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवा, हात सोडला की आपोआप बंद होणारा. तो दोरीने बांधून ठेवणारे महाभागही मी पाहिलेत.

---

बर्फवाला_रत्नागिरी | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

उघडला. काकांच्या पायऱ्या भिंतीवर चिकटवून एकेक खूण करत गेलो. गेज शून्यावर आल्यावर अर्ध्या तासात परत १२ पौंड चढला होता! तीनदा सोडावं लागलं.

सेपरेटरमधून १९ लिटर तेल निघालं. फ्लोटचा गोळा कानाशी हलवला तर आत डुचमळतंय. एका बाजूला बोटाने दाबल्यासारखा खळगा आहे, वेल्डच्या शिवणीला केसाएवढी भेग. सुईचं तोंड साफ आहे.

इथल्या वर्कशॉपवाला म्हणतो, भोक पाडून तेल काढतो आणि झाळून देतो, तासाभरात. नाहीतर पाण्याच्या टाकीचा पितळी गोळा बसवू म्हणतो. काय करू? बाहेर बोटी थांबल्यात.

---

जुना_फिटर | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

दोन्ही नको!

आत तेल आणि अमोनिया असलेला बंद गोळा तापवला तर तो बॉम्ब आहे. भोक पाडून झाळला तरी त्या पत्र्यावर माझा विश्वास नाही. आणि पितळ अमोनियात खाल्लं जातं, तांब्याचा अंश असलेलं काहीच आत जाता कामा नये. शिवाय टाकीचा गोळा तुझ्या १८५ पौंडात पापडासारखा चेपेल. फ्लोटच्या आत दाब नसतो, बाहेरचा सगळा दाब पत्र्यावर येतो.

तो खळगा बघून विचारतो, ओव्हरहॉलिंगनंतर गळती तपासायला किती दाब भरला होता?

---

बर्फवाला_रत्नागिरी | ११ ऑगस्ट, रात्री ७:०५

नायट्रोजन भरला होता, ३०० पौंड. मी समोर उभा होतो. सिलिंडर एकदम उघडला होता, काटा सटकन वर गेला.

---

जुना_फिटर | ११ ऑगस्ट, रात्री ७:१५

माझा संशय तिथेच आहे. मे महिन्यात तुझा खप आठवड्याला १ लिटर होता, म्हणजे फ्लोट तेव्हा धडधाकट होता. बंदीतच गेला.

नवा फ्लोट मुंबईहून मागव. तोवर प्लांट बंद ठेवायची गरज नाही. फ्लोटशिवाय झाकण बसव, रिटर्न लाइनीचा हात व्हॉल्व्ह बंद ठेवून चालव. शिफ्टमध्ये दोनदा तो चिमूटभर उघडायचा. आधी तेल जाईल, लाइन कोमट. एकदम कडक तापली की गॅस आला, बंद. आमच्या उमेदवारीत फ्लोट बघायलाही मिळत नसत, सगळे असंच करायचे. पण व्हॉल्व्हपाशी उभं राहून. चहा नंतर.

---

मस्कतवासी | ११ ऑगस्ट, रात्री १०:३०

मस्त धागा. मी मूळ गुहागरचा, इकडे ओमानमध्ये सुपरमार्केटच्या कूलिंग रॅकवर (एकत्र जोडलेल्या कॉम्प्रेसरांवर) काम करतो. इकडे फ्रिऑनवर (अमोनियाऐवजी वापरतात तो कूलिंगचा गॅस) काम करणारे अमोनियाचं ज्ञान घेऊन येतात आणि फसतात. अमोनियात तेल खाली बसतं, कारण तेल जड. फ्रिऑनमध्ये द्रव गॅसच तेलाहून जड, आणि दोघं एकमेकांत मिसळतात. त्यामुळे तळातून काढलं म्हणजे तेलच आलं असं तिथे धरता येत नाही.

---

हिंजवडी_फ्रीज | १२ ऑगस्ट, सकाळी ११:००

धाग्यात घुसतोय, माफी. पुण्यात आइस्क्रीमची कोल्ड रूम आहे, गॅस ४०४ए (फ्रिऑनच्याच जातीचा). युनिट आत, सेपरेटर आणि कंडेन्सर गच्चीवर. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी पहिल्यांदा चालू केलं की क्रँककेसच्या काचेत नुसता फेस, ऑइल प्रेशरवर ट्रिप. दुपारी सगळं नीट. मेकॅनिक म्हणतो सेपरेटर खराब, बदला.

---

मस्कतवासी | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

बदलू नका, तो बिचारा भिजतोय. रात्री बंद असताना उघडं भांडं पावसात गार पडतं, आतला गॅस द्रव होतो. फ्लोटला तेल काय, द्रव गॅस काय, दोन्ही सारखंच. तो उचलला जातो आणि सगळं क्रँककेसमध्ये ओततो. सकाळी सुरू केलं की दाब पडतो, तेलातला गॅस उकळतो, फेस.

सेपरेटरला इन्सुलेशन आणि वर पत्र्याची टोपी. बुडाला हीटरचा पट्टा, क्रँककेस हीटर चालू आहे का ते तपासा (बहुतेक वेळा वायर तुटलेली असते). रिटर्न लाइनीवर सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), कॉम्प्रेसर बंद असताना बंद राहणारा आणि सुरू झाल्यावरही सेपरेटर तापेपर्यंत उशिराने उघडणारा. सेपरेटरच्या पुढे चेक व्हॉल्व्ह नसेल तर तोही. त्याने कंडेन्सरमधून द्रव मागे फिरत नाही.

---

बर्फवाला_रत्नागिरी | १५ ऑगस्ट, रात्री ९:५०

फ्लोट १३ ला रात्रीच्या एसटीने आला, १४ ला बसवला. काल रात्री खूश होऊन झोपलो. आज नवीन तमाशा. रिटर्न लाइन सकाळपासून ९१ अंश, हलत नाही. कानाला सूं सूं आवाज. सक्शन २५ वर गेलं, क्रँककेसला हात लावून देत नाही. आधी कायम गार होती, आता कायम गरम. नशीब.

---

यंत्रकन्या | १५ ऑगस्ट, रात्री १०:१०

आता फ्लोट उघडा अडकलाय. डिस्चार्जचा गॅस थेट क्रँककेसमध्ये. कॉम्प्रेसर तोच गॅस पुन्हा पुन्हा दाबत बसलाय, म्हणून सक्शन चढलं आणि कूलिंग घसरलं. पण ही लक्षणं डिस्चार्ज व्हॉल्व्ह प्लेट गळत असेल तरी बरीचशी अशीच दिसतात, आणि तुमच्या प्लेटाही नव्याच आहेत. काका, वेगळं कसं करायचं?

---

जुना_फिटर | १५ ऑगस्ट, रात्री १०:३०

सोपं आहे ताई. कॉम्प्रेसर थांबवायचा, मग सेपरेटरच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद, आणि डिस्चार्जचा गेज बघत बसायचं. दाब झपाट्याने सक्शनच्या पातळीला उतरला तर गॅस मागे कुठून तरी जातोय. आता रिटर्न लाइनीचा हात व्हॉल्व्ह बंद करून तीच परीक्षा परत. या वेळी काटा टिकला तर दोष फ्लोटचा. तरीही पडला तर प्लेटांचा.

आणि बर्फवाल्या, झाकण लावायच्या आधी आतून पुसून घेतलं होतंस का? आणि फ्लोटच्या पातळीपर्यंत तेल भरलं होतंस?

---

बर्फवाला_रत्नागिरी | १६ ऑगस्ट, दुपारी ४:००

तेल भरलं होतं, ३ लिटर लागलं. पुसलं मात्र… वरवर.

परीक्षा केली. पहिल्यांदा पाच मिनिटांत १८५ वरून ३० वर. हात व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्यांदा, अर्ध्या तासात फक्त १० पौंड पडला. म्हणजे फ्लोट. परत उघडला (या वेळी दीड तासात, हात बसला). सुईच्या तोंडात वेल्डिंगचा खपला, तांदळाच्या कणीएवढा. कॉम्प्रेसर बसवताना डिस्चार्ज लाइनीला एक जोड मारला होता, त्याचाच. फडकं न वापरता धागे न सुटणाऱ्या कापडाने आतून स्वच्छ पुसलं. बाहेर रिटर्न लाइनीवर स्टीलचा गाळणीवाला स्ट्रेनरही लावून घेतला.

---

जुना_फिटर | १६ ऑगस्ट, दुपारी ४:२०

स्ट्रेनर फ्लोटच्या पुढे आहे, तो क्रँककेस वाचवेल, सुई नाही वाचवणार. आठ दिवसांनी स्ट्रेनर उघडून बघ, काय सापडतं त्यावरून आत अजून किती कचरा फिरतोय ते कळेल.

आता घड्याळ घेऊन बस. लाइन गरम होते ती किती वेळाने?

---

बर्फवाला_रत्नागिरी | १७ ऑगस्ट, रात्री ८:००

बरोबर ४० मिनिटांनी एकदा. ६५ पर्यंत जाते, मग निवत निवत ४० ला येते. क्रँककेसची पातळी काल सकाळपासून जागची हललेली नाही. काका, जिंकलो!

---

जुना_फिटर | १७ ऑगस्ट, रात्री ८:३०

अजून नाही. तुझ्या त्या मापाचा फ्लोट एका वेळी अंदाजे १०० मिली सोडतो असं धरू. ४० मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसात ३६ वेळा. ३.६ लिटर. रोज तू किती घालत होतास? ४.

म्हणजे कॉम्प्रेसर अजूनही तेवढंच तेल फेकतोय. फरक इतकाच की आता सेपरेटर ते पकडून परत देतोय आणि तुला दिसत नाहीये. मे महिन्यात ही मशीन एवढं तेल फेकत असती तर सेपरेटर कितीही चांगला असता तरी आठवड्याला १ लिटरवर भागलं नसतं. रिंगा बघ.

---

थंडोबा | १७ ऑगस्ट, रात्री ९:००

आता चालतंय ना? मग कशाला हात लावायचा? ऐन सीझनमध्ये हेड उघडायचं म्हणजे…

---

यंत्रकन्या | १७ ऑगस्ट, रात्री ९:२५

थंडोबा, सेपरेटर सगळं पकडत नाही. १२० अंशाला काही तेल वाफेच्या रूपात असतं, ते जाळीवर आपटून थांबत नाही, तसंच पुढे निघून जातं. फेक जितकी जास्त, तितकं निसटणारंही जास्त. कॉइलवर लेप चढतच राहणार, फक्त सावकाश.

---

मालवणी_माणूस | १७ ऑगस्ट, रात्री १०:००

बर्फ नाय तर बोट जातली खय? उघडा एकदाचा, पण रविवारी.

---

बर्फवाला_रत्नागिरी | २१ ऑगस्ट, रात्री ११:१०

काल हेड काढले. दिवसभर प्लांट बंद, आदल्या रात्री लाद्या साठवून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

चारपैकी दोन सिलिंडरच्या ऑइल स्क्रेपर रिंगा उलट्या बसवलेल्या. ज्या कडेने तेल खाली खरवडायचं ती कड वर. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पिस्टन तेल वर ढकलत होता. रिंगवर वरची बाजू कळायला खूण कोरलेली असते, ती तिघांनी पाहिली नाही, त्यात मीही एक. ओव्हरहॉलिंगवाल्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बसल्या असत्या हळूहळू."

रिंगा सुलट्या केल्या, तोंडं एकाखाली एक येणार नाहीत अशी फिरवून बसवली. आज ८ तासांच्या शिफ्टमध्ये रिटर्न लाइन दोनदा गरम झाली. फक्त दोनदा.

---

जुना_फिटर | २१ ऑगस्ट, रात्री ११:२०

दिवसात सहा वेळा, ६०० मिली. ही झाली मशीनची खरी चाल. हा आकडा खडूने सेपरेटरवर लिहून ठेव. पुढच्या वर्षी रिंगा झिजायला लागतील तेव्हा तोच आधी बदलेल, क्रँककेसची काच नंतर.

आता तेलाचा हिशेब दे.

---

बर्फवाला_रत्नागिरी | २६ ऑगस्ट, रात्री ९:३०

दिला. वहीतून उतरवतोय. १ ते १० ऑगस्ट घातलेलं ४० लिटर. सेपरेटरमधून निघालं १९. रिसीव्हरच्या तळातून ६. टँकच्या कॉइलच्या ॲक्युम्युलेटरखाली (कॉइलला जोडलेल्या द्रव अमोनियाच्या भांड्याखाली) ऑइल पॉट, म्हणजे तेल साठणारं छोटं भांडं, आहे, त्यातून पाच दिवसांत थोडं थोडं करून ११. पॉटवर जिथपर्यंत बर्फ धरतो तिथपर्यंत द्रव अमोनिया, खालचा जो पट्टा उघडा राहतो तिथे तेल, हे वडिलांनी लहानपणी दाखवलं होतं, आता उपयोगी पडलं. पॉट कॉइलपासून तोडून, गरम होऊ देऊन, आतला गॅस सक्शनला सोडून मगच काढलं. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नवा बसवलाय.

एकूण ३६. म्हणजे ४ लिटर कमी पडतंय. ब्राइन आज −९. लादी २९ तास.

काढलेलं तेल गाळून परत वापरता येईल का? रंग बरा आहे.

---

मस्कतवासी | २६ ऑगस्ट, रात्री १०:००

नको. त्यात पाणी, गंज, खपल्या, सगळं आहे. ४० लिटर तेलाचे पैसे वाचवायला कॉम्प्रेसर घालवू नका.

---

बेदाणा_कोल्ड | २६ ऑगस्ट, रात्री १०:१५

हिशेबात एक चूक आहे. सेपरेटरमधल्या १९ पैकी ३ लिटर आधीचंच असणार, फ्लोटच्या पातळीखालचं. ते या ४० मधलं नाही. कमी ४ नाही, ७ पडतंय.

---

बर्फवाला_रत्नागिरी | २६ ऑगस्ट, रात्री १०:२०

अरे हो की! म्हणजे ७ लिटर अजून आत?

---

जुना_फिटर | २६ ऑगस्ट, रात्री १०:४५

कॉइलमध्ये. −१५ ला तेल मधासारखं घट्ट होतं, भिंतीला धरून बसतं, पॉटपर्यंत वाहत येत नाही. जोर लावून काढायला जाऊ नकोस. बंदीत टँक गरम झाला की आपोआप खाली उतरेल. १ जूनला प्लांट बंद केलास की आठवडाभर थांब आणि मग पॉट उघड.

---

बर्फवाला_रत्नागिरी | २६ ऑगस्ट, रात्री १०:५०

लिहिलं वहीत. ८ जून, ऑइल पॉट, ७ लिटर येणे बाकी.

---

मालवणी_माणूस | २६ ऑगस्ट, रात्री ११:००

आणि सुरमई?

---

बर्फवाला_रत्नागिरी | २६ ऑगस्ट, रात्री ११:०५

ती तुमच्याकडूनच येणे बाकी.